मैत्रिणीच्या घरात मारहाण होते, हे कळल्यावर आपण नेमके काय करावे?

कोयनाकाठ (धागाकर्ती)

आमच्या बचत गटातील एका सदस्येला नवऱ्याकडून वर्षानुवर्षे मारहाण होते, हे गटातील बहुतेकींना अंदाजाने ठाऊक होते. अलीकडे तिने स्वतःहून आम्हा दोघींजवळ ते बोलून दाखवले आणि त्यानंतर गटात दोन तट पडले. काहींचे म्हणणे असे की, सगळ्या जणींनी मिळून तिला पोलीस ठाण्यात न्यावे, म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. इतर म्हणतात की, नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये. उद्या ती दोघे एकत्र येतील आणि वाईट आपण ठरू. तिला स्वतःला काय हवे आहे, हे मात्र दोन्हींपैकी कोणत्याही बाजूने तिला विचारलेले नाही. मी विचारले तेव्हा ती म्हणाली की, तिला सध्या तक्रारही करायची नाही आणि घरही सोडायचे नाही. फक्त ‘कुणाला तरी माहीत असावे’ एवढेच तिला हवे होते.

2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 18 ते 49 वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी देशात सुमारे 29 टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे 25 टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा कधी ना कधी सोसल्याचे सांगितले. मला त्याहून अस्वस्थ करणारा आकडा त्याच अहवालात पुढे आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी साधारण 77 टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या अवघ्या 14 टक्के होत्या. म्हणजे आमच्या मैत्रिणीने तोंड उघडले, हीच मुळात दुर्मीळ गोष्ट आहे. ज्यांच्यापाशी ती बोलली, त्या कशा वागतात यावर ती पुन्हा कधी बोलेल की नाही हे ठरणार आहे.

म्हणून हा धागा. ‘ती सोडून का जात नाही’ ही चर्चा येथे नको. ती पुष्कळ झालेली आहे. मैत्रीण, शेजारीण, भावजय किंवा सहकारी म्हणून काय करता येते, काय केल्याने उलट धोका वाढतो आणि कायद्याचे नेमके कोणते दार कधी ठोठावावे, याविषयी ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी लिहावे. ओळख पटेल असे तपशील मी बदललेले आहेत. आपणही तसेच करावे, ही विनंती.

शुश्रूषा

मी मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते. आता निवृत्त आहे. अपघात विभागात ‘न्हाणीघरात पाय घसरला’ असे सांगणाऱ्या बायका आम्ही रोज पाहत असू. घसरून पडलेल्या माणसाला लागते ते कोपराला, गुडघ्याला किंवा नितंबाला. दंडाच्या आतल्या बाजूला, पाठीवर किंवा कानामागे वळ उठत नाहीत. सोबत सासू किंवा नवरा उभा असला, तर ती खरे सांगणार नाही, हे गृहीत धरून आम्ही सोबतच्या माणसाला केसपेपर काढायला पाठवत असू आणि तेवढ्या वेळात तिला एकटीला विचारत असू. ही साधी युक्ती आपल्या गटातील सदस्यांनाही वापरता येईल. तिच्याशी बोलायचे ते एकटीशी आणि समोरासमोर. फोनवर बोलू नये, कारण फोन कुणाच्या हातात आहे हे आपल्याला दिसत नसते.

रुग्णालयातच असा आधार मिळावा म्हणून मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने 2000 सालाच्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. पुढे अशी केंद्रे इतर रुग्णालयांतही निघाली. तिथली पद्धत मला फार पटली. बाईने तक्रार करावी असा आग्रह तिथे नसे. तिच्यावर काय बेतू शकते, याचा अंदाज तिच्यासोबत घेतला जाई आणि तिला घरीच परतायचे असेल, तर परतल्यावर स्वतःला कसे जपायचे याची आखणी करून दिली जाई.

दोन गोष्टी आवर्जून सांगते. पहिली म्हणजे कागद. तिला लागले असेल तर सरकारी दवाखान्यात न्या आणि ‘नवऱ्याने मारले’ हे तिच्या शब्दांत केसपेपरवर लिहून घ्या. आज तिला काहीही करायचे नसले तरी दोन वर्षांनी न्यायालयात तोच कागद तिच्या बाजूने बोलेल. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातील कलम 7 नुसार, पीडित स्त्रीसाठी विनंती आल्यावर रुग्णालयाने तिला वैद्यकीय मदत दिलीच पाहिजे. ‘आधी पोलिसांत जाऊन या’ असे म्हणून कुणी तिला परत पाठवू लागले, तर तिथेच ठामपणे उभे राहा.

दुसरी गोष्ट गळ्याची. ‘त्याने गळा धरला होता’ असे ती ओझरते जरी म्हणाली, तरी ते हलक्यात घेऊ नका. गळ्यावर बाहेरून खूण नसतानाही आत इजा झालेली असू शकते; आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके दिसणे ही लक्षणे नंतरही उमटतात. ज्या घरात एकदा गळा दाबला गेला, तिथे पुढे जीव जाण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो, हे आता जगभर मान्य झालेले आहे. अशा वेळी ‘तिच्या कलाने घेऊ’ हे धोरण कायम ठेवावे, पण तो धोका तिला स्पष्ट शब्दांत सांगावा.

सडेतोड

चर्चा एकतर्फी होत आहे, म्हणून लिहितो. या कायद्यांचा गैरवापर होतो, निष्पाप सासू-सासरे आणि नणंदा तुरुंगात जातात, हे सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे. बाहेरच्या बायकांनी एकीची बाजू ऐकून मध्ये पडल्यास जुळू शकणारा संसार मोडतो. आधी दोघांना समोरासमोर बसवून वडीलधाऱ्यांनी समजूत घालावी, हाच आपल्याकडचा शहाणपणाचा मार्ग आहे.

विधिज्ञा

मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते. सडेतोड यांच्या प्रतिसादात दोन वेगळे कायदे एकमेकांत मिसळले आहेत आणि ही गल्लत इतकी सर्वत्र आढळते की, तिच्याच भीतीने अनेक बायका कायद्याच्या वाटेला जात नाहीत; म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यात अटक होऊ शकते तो फौजदारी गुन्हा म्हणजे विवाहितेच्या छळाविषयीचे जुने कलम 498-अ. ते 1983 साली भारतीय दंड संहितेत आले. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 आणि 86 ने घेतली आहे. त्यातही तक्रार आली की उचलून आत टाकले, असे आता होत नाही. 2014 साली अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा अटकांवर कडक निर्बंध घातले. सडेतोड ज्या मताचा उल्लेख करतात, त्याची दखल दहा वर्षांपूर्वीच घेतली गेली आहे.

दुसरा कायदा 2005 चा, म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याचा रोख शिक्षेवर नसून संरक्षणावर आहे. अर्ज केल्याने कुणीही तुरुंगात जात नाही. न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडला, तरच एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मारहाणीसोबत लैंगिक छळ, शिवीगाळ, अपमान, खर्चाला पैसे न देणे, दागिने काढून घेणे हे सगळे या कायद्यात हिंसाच आहे. केवळ पत्नीच नव्हे, तर आई, बहीण, विधवा भावजय, लग्नासारख्या नात्यात राहणारी स्त्री यांनाही तो लागू होतो. ‘मला नवऱ्याला जेलमध्ये नाही टाकायचे, फक्त त्याने हात उचलू नये आणि मुलांचा खर्च द्यावा’ असे म्हणणारी बाई माझ्याकडे येते, तेव्हा मी तिला सांगते की, नेमके हेच मागण्यासाठी हा कायदा केलेला आहे.

बायका सर्वाधिक घाबरतात त्या घराच्या प्रश्नाला. ‘घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय संबंध’ हे वाक्य मी शेकडो अर्जांत वाचले असेल. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपला 2006 चा निकाल बाजूला सारून स्पष्ट केले की, ती ज्या घरात नांदली ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते ‘सामायिक घर’ ठरू शकते आणि तिला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. मालकी तिला मिळत नाही, हे खरे. परंतु कायदेशीर मार्गाने गेल्याशिवाय तिला रस्त्यावर काढता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा आधार घेऊन सुनेला बाहेर काढण्याची पळवाटही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वनिता प्रकरणात न्यायालयाने बंद केली.

अर्ज कुठे करायचा? ती सध्या राहते तिथे, मग ते माहेर असो वा मावशीचे घर. तात्पुरते वास्तव्यही चालते. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाकडे असतात. त्या कौटुंबिक घटना अहवाल, ज्याला सगळे ‘डीआयआर’ म्हणतात, तो भरून देतात. त्या मिळत नसतील तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. अहवाल नाही म्हणून अर्ज अडत नाही, हे 2022 साली प्रभा त्यागी प्रकरणात ठरले आहे. वकिलाच्या फीची चिंता नको. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्रत्येक तालुका न्यायालयात त्याची समिती असते आणि 15100 या क्रमांकावर विचारणाही करता येते.

आता कटू भाग. कायद्यात साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात वर्षे जातात. त्यामुळे अंतिम निकालावर डोळा ठेवू नका. पहिल्याच तारखेला कलम 23 खाली अंतरिम आदेश मागा आणि त्यासाठी लागेल तितका जोर लावा. परिस्थिती गंभीर असल्यास तो एकतर्फीही मिळतो. पोटगीच्या बाबतीत रजनेश विरुद्ध नेहा या आपल्या नागपूर खंडपीठातूनच वर गेलेल्या प्रकरणाचा 2020 चा निकाल हाताशी ठेवावा. दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यायचे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, असे त्यात ठरले. ‘मला पगारच नाही’ असे नुसते तोंडी म्हणून आता भागत नाही.

आणि सडेतोड, समोरासमोर बसवण्याविषयी. ज्याने काल मारले त्याच्या शेजारी बसून ती खरे बोलेल, ही अपेक्षाच अवास्तव आहे. ती तिथे मान डोलावते आणि घरी गेल्यावर त्याचे माप तिच्या पदरात पडते. कायद्याच्या कलम 14 मध्येही समुपदेशन एकेकट्याचे किंवा एकत्र, असे दोन्ही पर्याय ठेवलेले आहेत. कोणता निवडायचा हे तिच्या सुरक्षिततेवर ठरावे.

बालाघाट

विधिज्ञाताईंनी लिहिलेले सगळे महत्त्वाचे आहे, परंतु मी बीड जिल्ह्यात ज्या बायकांसोबत काम करतो त्यांच्यापर्यंत यातले बहुतेक काही पोहोचत नाही. त्याचे कारण अज्ञान नसून मजुरीची रचना आहे, म्हणून ती मांडतो.

ऊसतोडीला जाणारे जोडपे मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामापूर्वी मुकादम, म्हणजे मजुरांचा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती नवऱ्याच्या हातात. ती फेडायची असते दोघांच्या श्रमातून. दिवाळीच्या आसपास टोळी निघते आणि पुढचे काही महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पालावर राहते. या काळात नवऱ्याने मारले म्हणून बाई माहेरी निघून गेली, तर कोयता मोडतो, उचल अंगावर राहते आणि मुकादम तिच्या बापाच्या दारात येऊन उभा राहतो. म्हणजे तिच्या निघून जाण्याची किंमत तिच्या माहेरालाही मोजावी लागते. अशा बाईला ‘तू आवाज उठव’ एवढेच सांगणे हे, सौम्य शब्दांत, बेजबाबदारपणाचे आहे.

मग काय जमते? जे जमते ते टोळीच्या आतच. टोळीतल्या दोन-तीन वयस्कर बायकांनी ठरवले की आरडाओरडा ऐकू आला की त्या पालाबाहेर जाऊन उभे राहायचे, पाणी मागायचे, मूल आत पाठवायचे, तर त्या रात्रीपुरती मारहाण थांबते. हे तुटपुंजे आहे, पण खरे आहे. दुसरे, हंगामाला निघण्यापूर्वी आम्ही तिच्या नावाचे वेगळे बँक खाते आणि आधार जोडणी तपासून देतो. लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये आता अनेकींच्या खात्यावर येतात. परंतु एटीएम कार्ड आणि त्याचा पिन कुणाकडे आहे, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या पैशाचा अर्थ कळत नाही. तिसरे, रेशन कार्ड. नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई त्याच्याच कार्डावर अडकलेली असते आणि नाव कमी करून घेण्याचा दाखला तोच देत नाही. यासाठी तलाठी आणि पुरवठा निरीक्षक यांच्याकडे तिच्यासोबत हेलपाटे घालणारे माणूस हवे. संगमनेरला 1988 साली टाकलेल्या बायकांची परिषद भरली होती. तेव्हापासून आजपर्यंत हा कागदांचा झगडा फारसा बदललेला नाही.

मीही

आजवर येथे फक्त वाचत होते. मी अशा घरातून बाहेर पडून बरीच वर्षे झाली. काय उपयोगी पडले आणि काय नाही, एवढेच लिहिते.

सर्वांत उपयोगी पडली ती माझी मामी. मी दोनदा परत गेले, तरी तिने एकदाही ‘आता पुन्हा येऊ नकोस’ असे म्हटले नाही. प्रत्येक वेळी ती फक्त विचारी की, या वेळी कोणती गोष्ट घरी न नेता इथे ठेवायची आहे. अशा रीतीने माझी दहावी-बारावीची प्रमाणपत्रे, मुलाचा जन्मदाखला, लग्नाच्या नोंदणीची प्रत, पासबुक आणि थोडे पैसे हळूहळू तिच्या कपाटात जमा झाले. शेवटी निघाले तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले आणि तरीही माझे सगळे माझ्यापाशी होते.

सर्वांत जास्त त्रास झाला तो शूरपणाचा. माझ्या चुलतभावाने रागाच्या भरात नवऱ्याला फोन करून ‘तुला बघून घेतो’ असे सुनावले. भावाचा राग अर्ध्या तासात उतरला असेल. त्या फोनचा हिशेब मला आठवडाभर द्यावा लागला. कोयनाकाठताई, आपल्या गटात तापट कुणी असतील, तर त्यांना आधी आवरा. तिला न विचारता तिच्या नवऱ्याशी, सासूशी किंवा त्याच्या मित्रांशी एक शब्दही बोलू नये.

आणखी एक. ‘सोडले की सुटले’ असे लोकांना वाटते. ती निघण्याच्या तयारीत आहे किंवा निघून गेली आहे, हे त्याला कळते ते दिवस सर्वांत धोक्याचे असतात. माझा फोन त्याच्याच गूगल खात्यावर चालू होता, त्यामुळे मी कुठे आहे हे त्याला दिसत होते, ही गोष्ट मला एका समुपदेशक बाईंनी सांगेपर्यंत सुचलीही नव्हती. तेव्हा महत्त्वाचे बोलणे दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करावे; यूपीआयच्या नोंदींतून रिक्षा आणि औषधाचे दुकानही कळते, म्हणून त्या दिवसांत रोख पैसे वापरावेत. मात्र जुन्या फोनवरचे लोकेशन अचानक बंद केले, तर त्यालाही संशय येतो, हे ध्यानात ठेवावे.

माझ्या आईने ‘दिल्या घरी सुखी राहा’ एवढेच सांगितले. तिच्यावर माझा राग नाही. तिला दुसरे काही सांगायला कुणी शिकवलेच नव्हते.

हडसनतीर

मी न्यू जर्सीत राहते. ‘परदेशात कायदे कडक आहेत, तिथे पोरी सुखात असतात’ असा समज महाराष्ट्रातील आई-वडिलांचा असतो, म्हणून थोडे लिहिते. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून आलेल्या मुलीचे पारपत्र, बँक खाते आणि देशात राहण्याचा हक्क हे सगळे त्याच्या नोकरीला बांधलेले असते. ‘पोलिसांना फोन केलास तर तुलाच परत पाठवतील’ ही धमकी इथे मारहाणीइतकीच परिणामकारक ठरते. वास्तविक, छळ सोसणाऱ्या अशा पत्नींना स्वतंत्र कामाचा परवाना मागण्याची तरतूद 2017 पासून अमलात आली आहे. परंतु घरात कोंडलेल्या मुलीला हे सांगणार कोण?

दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी इथे ‘मानवी’ ही संस्था 1985 पासून काम करते. महाराष्ट्रातील नातेवाइकांना माझी विनंती एवढीच की, मुलीचे पारपत्र आणि व्हिसा यांच्या प्रती तिच्या लग्नाच्या फोटोंसोबत आपल्याकडेही ठेवाव्यात. आणि ती फोनवर गप्प झाली, तर ‘थोडे सांभाळून घे’ असे म्हणण्याआधी नवरा शेजारी बसला आहे का, हे हो-नाहीत उत्तर देता येईल अशा प्रश्नाने विचारावे.

पर्वतीची_पायरी

मी सत्तरी ओलांडलेली पुणेकर. 1982 साली पुण्यात मंजुश्री सारडा हिचा मृत्यू झाला, तेव्हा शहर हादरले होते. तो खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1984 साली परिस्थितिजन्य पुरावा अपुरा ठरून आरोपी सुटला. परंतु त्या मृत्यूनंतर ‘मी एक मंजुश्री’ हे भित्तिपत्रकांचे प्रदर्शन निघाले, विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला आणि ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ मानणाऱ्या सुशिक्षित घरांतल्या बायका प्रथमच बाहेर येऊन बोलू लागल्या. मंचाच्या केंद्राचे नावच मुळी ‘बोलते व्हा’ असे होते. मुंबईतही त्याच सुमारास, 1984 साली, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. आज तो राज्याच्या अनेक जिल्ह्यांत पोलिसांच्या आवारात चालतो आणि तिथे बसणाऱ्या व्यक्ती प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या असतात. ठाण्याच्या पायरीला घाबरणाऱ्या बाईला थेट ठाणे अंमलदारासमोर उभे करण्याऐवजी आधी त्या कक्षात नेणे मला अधिक योग्य वाटते.

सडेतोड यांच्या वयाच्या पुरुषांकडून माझी एक अपेक्षा आहे. मारणारा नवरा तुमच्या कट्ट्यावर, तुमच्या कार्यालयात बसलेला असतो. तो बायकोविषयी जे विनोद करतो, त्यावर निदान हसू तरी नये.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद आम्ही गटाच्या चार जणींनी एकत्र बसून वाचले. तिच्याशी संपर्क ठेवण्याचे काम एकीवरच सोपवायचे आणि इतरांनी तिला काही विचारायचे नाही, असे ठरले. कागदांच्या प्रती काढून ठेवायला ती तयार आहे. अचानक रात्री निघावे लागलेच, तर जिल्ह्याच्या सखी केंद्रात, म्हणजे संकटातील स्त्रियांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, पाच दिवसांपर्यंत राहता येते, हे तिला ठाऊक नव्हते. 112 (आपत्कालीन मदत) आणि 181 (महिला हेल्पलाइन) हे दोन्ही क्रमांक आता तिच्या मुलीला पाठ आहेत. संरक्षण अधिकाऱ्यांना भेटण्याविषयी ती ‘बघू’ म्हणाली आहे आणि ते ‘बघू’ आम्ही तिथेच ठेवले आहे.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. गटातून तिच्या नावावर घेतलेले कर्ज नवऱ्याने वापरले आणि हप्ते थकले आहेत. शिवाय तिचे मंगळसूत्र आणि पाटल्या सासूच्या कपाटात आहेत. ती बाहेर पडली, तर कर्ज तिच्या डोक्यावर आणि सोने त्यांच्या घरात, अशी स्थिती होईल. यावर काय करावे?

विधिज्ञा

सोन्याचे आधी. लग्नात तिला माहेराहून, सासरहून किंवा इतरांकडून भेट मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन आहे. ते सासूच्या कपाटात असले तरी मालकी तिचीच राहते आणि मागूनही न देणे हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो, हे 1985 साली प्रतिभा राणी प्रकरणात ठरलेले आहे. आजच करण्याचे काम म्हणजे यादी. कोणता दागिना, अंदाजे किती तोळ्यांचा, कुणी दिला, कोणत्या फोटोत दिसतो, हे तिच्याकडून लिहून घ्या. सराफाची पावती माहेरी असेल तर तिची प्रत काढा. नसेल तर ज्या सराफाकडे घडवले त्याच्या वहीत नोंद सापडते का पाहा. यादी तिच्या घरी ठेवू नका.

कर्ज गटाच्या कागदोपत्री तिचेच आहे, ते नाकारता येणार नाही. परंतु रक्कम कुणाच्या खात्यावर गेली, कोणत्या कामाला वापरली आणि हप्ता देण्यासाठी तिच्या हातात पैसे ठेवले जात नाहीत, हे गटाच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवता आले, तर आर्थिक छळाचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग होईल आणि 2005 च्या कायद्याच्या कलम 20 खाली त्या रकमेची भरपाई मागता येईल. मात्र इतिवृत्त सगळ्या सदस्या वाचतात आणि त्यांतली एखादी त्याच्या नात्यातली असू शकते. तेव्हा नोंद करण्यापूर्वी तिला विचारा. ती नको म्हणाली, तर तूर्त फक्त बँकेच्या खाते उताऱ्याची प्रत काढून ठेवा आणि हप्त्यांना मुदतवाढ द्यायची का, हा निर्णय गटाने तिचे कारण न लिहिता घ्यावा.